मुलांपासून हिरोशिमा लपवू नका

हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने २०२३ च्या सुरुवातीला एक निर्णय घेतला. शहरातील प्राथमिक शाळांमध्ये तिसरीच्या मुलांना शांततेचे जे पाठ शिकवले जातात, त्यांतून ‘हादाशी नो गेन’, म्हणजे ‘अनवाणी गेन’, या चित्रकथेतील प्रसंग वगळायचे. त्यांपैकी एका प्रसंगात गेन हा शाळकरी पोरगा घरची चणचण पाहून रस्त्यात उभा राहतो आणि नानिवाबुशी, म्हणजे जपानची जुनी लोकप्रिय कथागायकी, गाऊन चार पैसे मिळवतो. दुसऱ्यात तो गरोदर, अशक्त आईच्या पोटात काही सकस जावे म्हणून परक्याच्या तळ्यातला कार्प मासा चोरतो. आजच्या मुलांना ही गायकी ठाऊक नाही आणि चोरीच्या प्रसंगाचा भलता अर्थ निघेल, अशी कारणे मंडळाने दिली. सगळे समजावून सांगण्यात तास संपतो आणि अणुबॉम्बचा मुद्दा बाजूला राहतो, असेही सांगण्यात आले. बॉम्बमधून वाचलेल्यांच्या संघटनांनी आणि नागरिकांनी विरोध नोंदवला. निर्णय बदलला नाही.

असे निर्णय कोणी दुष्टपणाने घेत नाही. वेळापत्रक, पालकांच्या तक्रारींची धास्ती आणि शिक्षकांची सोय यांतून ते होतात. म्हणूनच त्यांच्याकडे बारकाईने पाहायला हवे. युद्धातले भयंकर मुलांना कितपत दाखवावे, हा प्रश्न शिक्षण मंडळांना आज पडला असेल. गेनचे जनक केइजी नाकाझावा यांनी तो पन्नास वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता आणि उत्तर दहा खंडांत काढून ठेवले होते. हे उत्तर त्यांनी कशाच्या बळावर दिले, हे कळायला त्यांचे आयुष्य पाहावे लागते.

नाकाझावा यांचा जन्म १४ मार्च १९३९ रोजी हिरोशिमात झाला. वडील हारुमी पारंपरिक जपानी शैलीचे चित्रकार होते. पण चित्रांवर पोट भरत नव्हते, म्हणून गेता या लाकडी खडावा रंगवून ते संसार चालवत. नाटकाचा नाद होता, डाव्या विचारांच्या मंडळींत ऊठबस होती. हे युद्ध चूक आहे आणि जपान ते हरणार आहे, असे त्या काळात बोलणे म्हणजे आपणहून तुरुंगाची वाट धरणे. १९४० मध्ये पोलिसांनी त्यांना पकडले आणि वर्षभराहून अधिक काळ ते कोठडीत होते. सुटून आल्यावरही घरात, मुलांसमोर, ते तेच बोलत राहिले. नाकाझावांच्या लेखनातली सम्राटाविषयीची आणि लष्कराविषयीची चीड कुठल्या पक्षाच्या पुस्तकातून आलेली नव्हती. ती जेवणाच्या पाटावरून आली होती.

६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सहा वर्षांचा केइजी कान्झाकी प्राथमिक शाळेत निघाला होता. बॉम्ब जिथे फुटला तिथून ही शाळा सुमारे सव्वा किलोमीटरवर. हवाई हल्ल्याचा इशारा होऊन गेला होता, धोका टळल्याचा भोंगाही वाजला होता. फाटकापाशी वर्गातल्या एका मुलाची आई भेटली आणि तिने काहीतरी विचारले. तिला उत्तर देण्यासाठी तो थांबला, त्याच वेळी आकाशात विमान दिसले. घड्याळात सव्वाआठ वाजले होते. पुढे आयुष्यभर त्यांनी तो प्रकाश रंगांसकट सांगितला: मधोमध पांढरा, भोवती निळसर, कडेला पिवळा आणि लाल. शुद्ध आली तेव्हा शाळेच्या कुंपणाची काँक्रीटची भिंत अंगावर होती. त्याच भिंतीच्या आडोशामुळे ते वाचले होते. समोर उभी असलेली बाई उघड्यावर होती. ती जळून काळी पडली होती, केस करपले होते आणि डोळे त्यांच्याकडे लागलेले होते.

घरी वडील, मोठी बहीण एइको आणि धाकटा भाऊ सुसुमु कोसळलेल्या घराखाली सापडले. आई किमियो तेवढी बाहेर होती. तिने तुळया उचलून पाहिल्या. आग जवळ येत होती. आतून सुसुमु ओरडत होता. मुलासोबत आपणही जळून मरू म्हणून ती तिथेच बसली, तेव्हा एका शेजाऱ्याने तिला ओढून बाजूला नेले. त्याच दिवशी रस्त्याच्या कडेला ती बाळंत झाली. मुलीचे नाव तोमोको ठेवले. चारेक महिन्यांत ती गेली. पुढे वाचलेल्या मोठ्या भावाबरोबर जाऊन केइजीने घराच्या राखेतून बाप, बहीण आणि भावाची हाडे उकरून काढली. १९४५ च्या अखेरपर्यंत त्या एका शहरात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली, असा अंदाज आहे.

यानंतरची वर्षे उपाशीपोटी, नातेवाइकांच्या दारात अपमान गिळत गेली. याच काळात त्यांच्या हाती ओसामु तेझुका यांचे ‘शिन ताकाराजिमा’ पडले. १९४७ साली आलेल्या या खजिन्याच्या शोधाच्या चित्रकथेने जपानमधल्या एका पिढीला वेड लावले होते. नाकाझावांनी ती चित्रे पुनःपुन्हा उतरवून काढली आणि आपण हेच करायचे, असे ठरवले. शाळा संपल्यावर ते दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका कारागिराकडे कामाला लागले. दिवसा ब्रश, अक्षरे आणि रंग, रात्री स्वतःची चित्रे. त्यांच्या चित्रकथांतली जाड, ठाम रेघ आणि लांबूनही वाचता येणारी मांडणी पाहिली की या पाट्यांच्या शाळेची आठवण होते.

१९६१ मध्ये ते टोकियोला गेले, दाइजी काझुमिने या चित्रकाराकडे मदतनीस म्हणून राहिले आणि १९६३ मध्ये त्यांची स्वतःची पहिली मालिका मुलांच्या मासिकात आली. विषय साहसाचे, वेगाचे. हिरोशिमाचा त्यात मागमूस नाही. याचे कारण टोकियोतली माणसे होती. आपण हिबाकुशा आहोत, म्हणजे बॉम्बमधून वाचलेले आहोत, असे त्यांनी सहज बोलून दाखवले की समोरच्याचा चेहरा बदलायचा. त्यांनी हात लावलेला चहाचा कपसुद्धा काही जण उचलत नसत. किरणोत्सर्ग हा स्पर्शाने लागणारा रोग आहे, असा समज होता. लग्नाच्या बाजारात हिबाकुशा मुलामुलींची स्थिती याहून वाईट होती. अमेरिकी ताब्याच्या पहिल्या वर्षांत सेन्सॉरने बॉम्बच्या परिणामांबद्दल मोकळेपणाने छापू दिले नव्हते, आणि त्या अज्ञानाची किंमत बॉम्बमधून वाचलेल्यांनीच मोजली. नाकाझावांनी मूग गिळले. बॉम्ब हा शब्दही कानावर नको, अशी त्यांची अवस्था होती.

त्यांचे मौन मोडले ते १९६६ मध्ये, आईच्या मृत्यूने. वीस वर्षे आजार आणि कष्ट यांत काढून ती गेली. जपानमध्ये दहनानंतर आप्त चॉपस्टिकने अस्थी उचलून कलशात ठेवतात, आपल्याकडे राख सावडतात तसेच. नाकाझावा अस्थी वेचायला उभे राहिले, तर वेचायला काही नव्हते. पांढऱ्या चुऱ्याखेरीज हाडाचा तुकडाही उरला नव्हता. किरणोत्सर्गाने आईची हाडेसुद्धा खाल्ली, हे त्यांच्या मनाने घेतले. वैद्यकशास्त्र यावर काय म्हणेल हा वेगळा भाग. पण ज्या मुलाने सहाव्या वर्षी बापाची हाडे हाताने उकरली होती, त्याला आईची हाडेही मिळाली नाहीत. टोकियोला परतणाऱ्या गाडीत त्यांनी ठरवले, की आता या बॉम्बचा हिशेब मागायचा, आणि तोही आपल्याला जमते त्या एकमेव मार्गाने, चित्रकथेतून.

पहिली कथा ‘कुरोइ आमे नि उतारेते’. बॉम्बनंतर पडलेल्या काळ्या, किरणोत्सर्गी पावसात सापडलेल्या, आत सूड पेटलेल्या एका हिबाकुशा मारेकऱ्याची ही गोष्ट. तो अमेरिकी काळाबाजारवाल्यांना ठार करतो आणि शेवटी आपले डोळे एका आंधळ्या हिबाकुशा मुलीला देतो. कथा भडक आहे, आणि तिच्यातल्या रागाला अजून बांध पडलेला नाही. ती घेऊन नाकाझावांनी मोठ्या प्रकाशकांचे उंबरठे झिजवले. कथा चांगली आहे, पण छापता येणार नाही, अशी उत्तरे मिळाली. अखेर १९६८ मध्ये ‘मांगा पंच’ या प्रौढांसाठीच्या, फारशा प्रतिष्ठित नसलेल्या मासिकाने ती छापली. हे छापले तर सीआयए आपल्या दोघांनाही उचलेल, अशी भीती संपादकाने बोलून दाखवली होती. तरीही त्यांनी छापले. प्रतिष्ठित घरांनी नाकारलेले मोठे साहित्य अशा आडबाजूच्या दारांतूनच बाहेर येते, हे मराठीतल्या लघुनियतकालिकांची चळवळ पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

या माणसाच्या वाटचालीत एका संपादकाचे नाव घ्यायलाच हवे, ते म्हणजे तादासु नागानो. ‘शोनेन जंप’ हे मुलांचे साप्ताहिक १९६८ मध्ये सुरू झाले, नागानो त्याचे पहिले संपादक. खप बघता बघता दहा लाखांवर गेला. अशा नियतकालिकाचा संपादक बाजाराच्या कलाने चालतो, त्याने चालावे अशीच अपेक्षा असते. नागानोंनी १९७० मध्ये नाकाझावांची ‘आरु हि तोत्सुझेन नि’ ही कथा घेतली. हिबाकुशा बाप आणि रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडलेला त्याचा मुलगा, असा तिचा विषय. नेहमीपेक्षा बरीच जास्त पाने त्यांनी तिला दिली. मग १९७२ मध्ये ‘जंप’च्याच मासिक आवृत्तीत चित्रकथाकारांनी स्वतःचे आयुष्य चितारावे, अशी कल्पना निघाली आणि पहिला मान नाकाझावांना मिळाला. त्यांनी आढेवेढे घेतले. स्वतःला नायक करणे त्यांना नको होते. पण ‘ओरे वा मिता’, म्हणजे ‘मी पाहिले’, ही चाळीस-पंचेचाळीस पानांची कथा लिहून झाली. ती वाचून नागानोंनी त्यांना सांगितले, की एवढ्या पानांत हे मावत नाही, हवी तेवढी जागा घ्या आणि लांब मालिका लिहा.

त्यातून जून १९७३ मध्ये ‘अनवाणी गेन’ सुरू झाली.

ही मालिका कुठे छापली गेली याला महत्त्व आहे. ती साहित्याच्या मासिकात आली नाही, स्मरणिकेतही नाही. शाळेतून येताना मुले खिशातल्या नाण्यांनी जे साप्ताहिक विकत घेत, ज्यात खेळ, मारामाऱ्या आणि विनोद असत, त्यात ती आली. त्यामुळे गेनची भाषा तीच आहे. तो गातो, पादतो, ठोसे मारतो, थापा मारतो, पोट दुखेपर्यंत हसतो. चित्रेही तशीच आहेत: वाटोळे चेहरे, उड्या, घामाचे थेंब. आणि याच रेघेने नाकाझावा अंगावरची कातडी लोंबत पाण्याकडे निघालेली माणसे काढतात. प्रौढ वाचकाला आरंभी हा मेळ खटकतो. पण हसता हसता मूल ज्या गेनशी जोडले गेले आहे, त्याच्याच डोळ्यांनी ते सगळे पाहते. तोंड फिरवण्याची सोय त्याला राहात नाही. गंभीर रंगांत, मापलेल्या शब्दांत हिरोशिमा सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी मुलांनी उघडलेलीही नाहीत.

पहिल्या खंडाची सुरुवात गव्हाने होते. जपानमध्ये थंडीत गव्हाची कोवळी रोपे मुद्दाम पायांखाली दाबतात, म्हणजे मुळे घट्ट धरतात आणि रोप जोमाने वाढते. गेनचा बाप मुलांना शेतात नेऊन हे दाखवतो आणि या गव्हासारखे व्हा असे सांगतो. त्यानंतर पहिल्या खंडाची बहुतेक पाने बॉम्बच्या आधीची आहेत, आणि नाकाझावांची खरी समज तिथे दिसते. बापाला देशद्रोही म्हणून हिणवणारे शेजारी, पोरांना मारणारे शिक्षक, रेशनच्या रांगा, सतत भुकेले पोट, आणि या घराशी माणुसकीने वागणारा एकच शेजारी, पाक नावाचा कोरियन माणूस. जपानी साम्राज्याने हजारो कोरियन माणसांना हिरोशिमात आणून राबवले होते. पुढच्या खंडात पाकचा भाजलेला बाप उपचारकेंद्रात नेला जातो, तेव्हा कोरियन म्हणून त्याला परत पाठवले जाते. बॉम्ब टाकणाऱ्या अमेरिकेवर नाकाझावांचा राग आहेच, पण त्यांनी आपल्या देशालाही सोडलेले नाही. शिक्षण मंडळाने काढून टाकलेले गाण्याचे आणि माशाचे प्रसंगही बॉम्बच्या आधीचेच. मासा का चोरावा लागला हे समजावून सांगायचे तर युद्धात देशाने स्वतःच्याच मुलांना कसे उपाशी ठेवले, ते सांगावे लागते. तो वेळ वाया गेला असे मानणे ही मंडळाची खरी चूक आहे.

आता घर जळण्याचा प्रसंग. प्रत्यक्षात केइजी तिथे नव्हता. जे घडले ते त्याने आईच्या तोंडून ऐकले. कथेत मात्र त्याने गेनला त्या घरासमोर उभे केले आहे. आत बाप, बहीण आणि शिंजी नावाचा धाकटा भाऊ आहे. गेन तुळई उचलायचा प्रयत्न करतो, हरतो. बाप त्याला आईला घेऊन निघून जायला सांगतो. पानामागून पान हा प्रसंग चालतो. कॅमेरा हलवावा तसे नाकाझावा तुळई, ज्वाळा, शिंजीचा हात, आईचा चेहरा असे फिरत राहतात आणि वाचकाला पुढच्या चौकटीत सुटका देत नाहीत. आईने आयुष्यभर एकटीने वाहिलेल्या त्या क्षणी मुलाने स्वतःला तिच्या शेजारी उभे केले, असे आम्हाला वाटते. आत्मचरित्र आणि कादंबरी यांत फरक पडतो तो अशा ठिकाणी.

तिसऱ्या खंडातील सेइजीचा भाग विशेष वाचण्यासारखा आहे. सेइजी चित्रकार. हात भाजून निकामी झालेले, जखमांत किडे. घरच्यांनी त्याला एका खोलीत टाकले आहे. रोग लागेल म्हणून सख्खी माणसे आत जात नाहीत, आणि पैसे देऊन त्याची सेवा करायला गेनला ठेवतात. गेन त्याच्या जखमा धुतो, त्याच्याशी भांडतो, त्याला शिव्या देतो आणि शेवटी त्याच्या दातांत कुंचला धरायला लावतो. बॉम्बने जेवढे मारले, तेवढेच आप्तांच्या किळसेनेही मारले, हे इतक्या थेटपणे सांगणारे पान हिरोशिमाच्या साहित्यात क्वचितच असेल. टोकियोत कोणी न उचललेल्या चहाच्या कपाचा हिशेब इथे चुकता झाला आहे.

‘जंप’मध्ये मालिका सप्टेंबर १९७४ पर्यंत चालली. ती थांबण्यामागे तेलसंकटानंतरची कागदटंचाई सांगितली जाते. शिवाय नागानो त्या सुमारास संपादकपदावरून गेले. मग गेनची भटकंती सुरू झाली. ‘शिमिन’, नंतर कम्युनिस्ट पक्षाचे ‘बुन्का ह्योरोन’, नंतर शिक्षक संघटनेचे ‘क्योइकु ह्योरोन’, असे करत कथा १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पुरी झाली. या प्रवासाचे परिणाम मजकुरावर दिसतात. मागच्या खंडांत गेन बरेचदा भाषण देतो, खलनायक एकाच साच्यातले होतात आणि सुरुवातीच्या खंडांतला श्वास आखडतो. जगभर गौरवलेल्या कलाकृतीतला हा दोष झाकण्याचे कारण नाही. मात्र त्याच खंडांत जपानी सैन्याने चीनमध्ये केलेल्या अत्याचारांची चित्रे आहेत. लहान मुलांच्या चित्रकथेत त्या काळी हे करायला छातीच लागत होती.

पुस्तकांचा प्रसार वाचकांनीच केला, हे या कथेचे दुसरे वैशिष्ट्य. ‘जंप’च्या प्रकाशकाने तेव्हा ती पुस्तकरूपात काढली नाही. १९७५ मध्ये चोबुन्शा या लहान प्रकाशनाने सुरुवातीचे खंड काढले. १९७६ मध्ये टोकियोत काही स्वयंसेवकांनी ‘प्रोजेक्ट गेन’ सुरू केला आणि इंग्रजी भाषांतर करून टाकले. पूर्ण लांबीची जपानी चित्रकथा इंग्रजीत येण्याची ही सुरुवातीची घटना. नंतर एस्पेरांतोपासून हिंदीपर्यंत वीसहून अधिक भाषांत गेन पोचला. जपानमध्येच त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. नात्सी छळछावण्यांवर ‘माउस’ ही चित्रकथा काढणारे आर्ट स्पीगलमन यांनी आपले काम सुरू करताना गेन वाचला होता. इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावनाही त्यांचीच आहे. १९८३ चा अॅनिमेशनपट नाकाझावांनी स्वतः पटकथा लिहून, स्वतः उभा राहून करवला. स्फोटाच्या त्या काही मिनिटांसाठी तो आजही पाहिला जातो.

जपानमधल्या शाळांच्या ग्रंथालयांत एरवी चित्रकथांना जागा नसे. गेन हा ठळक अपवाद. पावसाळी दिवशी, मधल्या सुट्टीत, चुरगळलेल्या प्रती हातोहात फिरत. कित्येक पिढ्यांनी अणुबॉम्ब म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकाच्या आधी गेनमधून जाणले. त्यात भीती होती, रात्री झोप न लागणे होते. तशा तक्रारी नाकाझावांकडे आल्या. त्यांनी नंतरच्या कामात चित्रे सौम्य केली. प्रत्यक्षात जे पाहिले त्याच्या तुलनेत आपण बरेच झाकले आहे, असे ते सांगत. मात्र मुलांना भीती वाटली, किळस आली, तर ते चांगलेच आहे, हे त्यांचे मत कायम राहिले. अणुबॉम्बची भीती वाटावी हेच त्यांना हवे होते.

२००९ मध्ये मोतीबिंदूने दृष्टी अधू झाल्यावर त्यांनी चित्रकथा थांबवली. गेन टोकियोला जातो त्याच्या पुढची कथा अपुरी राहिली. मूळ चित्रांची पाने त्यांनी हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयाला दिली. फुप्फुसाचा कर्करोग झाला. १९ डिसेंबर २०१२ रोजी, ७३ व्या वर्षी, हिरोशिमातच ते गेले.

त्याच महिन्यात शिमाने प्रांतातील मात्सुए शहरात काय चालले होते, ते पुढे कळले. गेन शालेय ग्रंथालयांतून काढावे, असा अर्ज एका नागरिकाने केला होता. नगरसभेने तो फेटाळला. तरीही शिक्षण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी शाळांना सांगितले, की पुस्तक आतल्या कपाटात ठेवा, शिक्षकांच्या परवानगीशिवाय मुलांना देऊ नका. आक्षेप चीनमधील अत्याचारांच्या चित्रांवर होता. ऑगस्ट २०१३ मध्ये बातमी फुटली, देशभरातून निषेध झाला आणि मंडळाने २६ ऑगस्टला सूचना मागे घेतली. मागे घेताना कारण दिले ते कार्यपद्धतीचे, पुस्तकाच्या योग्यतेचे नव्हे. मूळ प्रश्न तसाच राहिला आणि दहा वर्षांनी हिरोशिमातच तो नव्या रूपात पुढे आला.

दोन्ही वेळा युक्तिवाद मुलांच्या काळजीचा आहे. त्याला वजन आहे. आठ वर्षांच्या मुलासमोर कोणी काय ठेवावे याचा विचार व्हायलाच हवा, आणि पालकांनी विचारलेल्या प्रश्नाला तुच्छतेने झटकणेही बरोबर नाही. पण मात्सुएत आक्षेप चित्रांच्या रक्तापेक्षा त्या रक्ताला जबाबदार कोण, यावर अधिक होता. हिरोशिमात तर रक्ताचा प्रश्नही नव्हता. तिथे एक भुकेला मुलगा होता. बळी पडलेल्यांबद्दल हळहळणे सोपे. आपल्याच देशाने आपल्याच लोकांवर, आणि शेजाऱ्यांवर, काय लादले हे मुलांना सांगणे अवघड, म्हणून मुलांच्या कोवळेपणाची ढाल पुढे केली जाते. याला आमचा स्पष्ट विरोध आहे. मुले भयंकर गोष्टी आजही पाहतातच, हातातल्या फोनवर, कोणी समजावून न सांगता. त्यापेक्षा शाळेत, शिक्षकाशेजारी बसून, एका वाचलेल्या माणसाने काढलेली चित्रे पाहणे केव्हाही चांगले.

या वादाला आता काळाची मर्यादाही आहे. २०२४ चे शांततेचे नोबेल ‘निहोन हिदान्क्यो’ या हिबाकुशांच्या संघटनेला मिळाले. मात्र २०२५ मध्ये नोंदणीकृत हिबाकुशांची संख्या पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली गेली आणि त्यांचे सरासरी वय ८६ च्या पुढे आहे. शाळेत येऊन स्वतःच्या तोंडाने सांगणारी माणसे आणखी फार वर्षे राहणार नाहीत. मग जे उरेल ते कागदावरचे. आणि कागदावर मुले जे आपणहून वाचतात, त्यात गेनच्या तोडीचे फार थोडे आहे.

आपल्याकडेही दर ६ ऑगस्टला हिरोशिमाची आठवण निघते, शाळांत चित्रस्पर्धा होतात, निबंध लिहिले जातात. शिक्षकांना, ग्रंथपालांना आणि पालकांना आमची विनंती आहे, की त्यापुढे एक पाऊल टाका. गेनचे इंग्रजी खंड मिळतात, हिंदीतही भाषांतर झाले आहे. शाळेच्या ग्रंथालयात निदान पहिला खंड तरी आणा, तो दर्शनी फळीवर ठेवा आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना वाचू द्या. मासा का चोरला, बापाला देशद्रोही का म्हटले, पाकच्या बापाला परत का पाठवले, हे मुले विचारतील. तेव्हा एकही पान न गाळता त्यांना खरे उत्तर द्या.